सुट्टी म्हणायचं नाही

आमचे भावजी जन्मात कधी गप्प बसलेले नव्हते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मी भावजी म्हणतो म्हणून पागेतलं झाडून सगळं जग त्यांना भावजी म्हणायला लागलं. मालकीणबाई भावजी म्हणतात, घोड्यांच्या डॉक्टरीणबाई भावजी म्हणतात, घोड्यावर बसायला शिकायला येणारी बोटभर पोरंसुद्धा "ओ भावजी, मला उतरवा" करतात. मी एकदा वैतागून म्हटलं, अरे, बहीण आमची दिलीय, तुम्ही सगळे कुठल्या नात्यानं मेहुणे होताय? पण ऐकतो कोण!

मी नालबंद. घोड्यांची खुरं तासायची, नाल ठोकायचे, हे माझं काम. दोन-तीन पागा माझ्याकडे आहेत, त्यातली ही एक. माझी जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे, कुणी नव्यानं सांगायची गरज नाही. दिवसभर वाकून, घोड्याचा पाय मांडीवर धरून, वर त्याचं शेपूट तोंडावर खाऊन बघा, तुमची जीभ काय गोड राहते ते. भावजी त्याच पागेत मोतद्दार. दाणा-पाणी, खरारा, लीद काढणं, खोगीर कसणं, शिकाऊ माणसाला घोड्यावर चढवणं आणि तो पडला की हसू दाबून उचलणं, सगळं त्यांच्याकडे. आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा अखंड चालू.

बोलायचे ते घोड्यांशी. सकाळी दार उघडलं की, "काय साहेब, झोप झाली का? आणि ही बादली कुणी लवंडली? तुमच्या तीर्थरूपांनी?" असं सुरू व्हायचं ते संध्याकाळपर्यंत. आक्काचा गुडघा, घरमालकाची कटकट, शेजारणीचा नवा सोफा, सगळं घोड्यांना सांगून व्हायचं. माझ्यासाठी बघितलेल्या मुलीकडून नकार आला, तो मला कुठं कळला? पागेत! मी एका घोड्याच्या पोटाखाली वाकलेलो, आणि पलीकडच्या ठाणात भावजी एका घोडीला सांगतायत, "नाही म्हणाली गं ती मुलगी. आमच्या मेव्हण्याच्या तोंडामुळे असणार." असा संताप आला होता मला! हातोडी घेऊनच गेलो होतो. तर म्हणतात कसे, "अरे, तुला संध्याकाळी सांगणारच होतो. हिला आधी विचारत होतो, कसं सांगू म्हणून."

ती घोडी म्हणजे पाहुणी. कुणीतरी परदेशी जाताना थोड्या दिवसांसाठी म्हणून ठेवून गेलं, ते परत फिरकलंच नाही. म्हणून पाहुणी. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, आणि स्वभाव म्हणाल तर एक नंबरची खडूस. मला तर तिनं दोनदा चावलंय. मालकीणबाईंनी शेवटी ती ठेवून घेतली, कारण नवख्या माणसाला पाठीवर घेऊन ती इतकी जपून चालायची की घाबरट माणूससुद्धा फुशारक्या मारत उतरायचा.

त्यातली गंमत तुम्हाला सांगतो. पाहुणी पाठीवरच्या माणसाचं काही ऐकत नसे. ती भावजींचं ऐकायची. शिकणारा माणूस लगाम ओढतोय, टाचा मारतोय, आणि भावजी मैदानाच्या मध्ये उभं राहून हळूच म्हणतायत, "थांब." की ती थांबली. "चल गं." की चालली. "सावकाश." की सावकाश. खाली उतरून तो माणूस घाम पुसत म्हणायचा, "बघितलंत कसा थांबवला घोडा?" आणि भावजी मान डोलवायचे, "वा वा, हात बसला तुमचा." मी कुंपणापाशी उभा राहून हसून हसून मरायचो. बाकीच्या घोड्यांना भावजींची बडबड म्हणजे नुसता आवाज. पाहुणीला शब्द कळायचे.

आणि तिचा सगळ्यात लाडका शब्द होता सुट्टी. दिवसाचं काम संपलं की भावजी तिला मागच्या मोकळ्या रानाच्या फाटकाशी न्यायचे. शाळेतला मास्तर घंटेच्या वेळी ओरडतो ना, तसं ओरडायचे, "सुट्टी!" तिच्या मानेवर एक थाप मारायची आणि हातातली दोरी सोडून द्यायची. की सुटलीच ती! चारही पाय हवेत, शेपूट वर, पार टोकापर्यंत धावत जायची, गर्रकन वळायची, आणि परत यायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं. मुलं ते बघायला घरी न जाता थांबायची. मुलं कशाला, मीसुद्धा थांबायचो.

तिचा पाय गेला तो मात्र असल्या मस्तीत नाही. पाण्यानं जड झालेल्या वाळूत एक जाडजूड गृहस्थ तिच्यावर बसलेले, छोट्याशा आडव्या बांबूवरून उडी मारायची हौस त्यांना, आणि उडी मारून पलीकडे टेकताना तिचा पुढचा डावा पाय रुतला. दुसऱ्या दिवशी तो पाय गरम, नळीच्या हाडामागे सुजलेला, आणि टेकवायला तयार नाही. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचं यंत्र लावलं आणि आम्हाला पडद्यावर दाखवलं. गुडघ्याखालच्या हाडामागून एक बंध खाली जातो, घोड्याचा सगळा भार तो झेलतो, पाऊल टेकलं की घोटा खाली बसू देत नाही. तो बंध मधोमध फाटला होता. लिगामेंट, लिगामेंट म्हणतात ते हेच.

"जुळेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण भावजी, हे हाड नाही. फार हळू जुळतं. आणि जुळायच्या आधी दुखायचं थांबतं, खरा धोका तिथंच आहे. तिला वाटेल आपण बऱ्या झालो. ती पळायला बघेल. तेव्हा पळाली तर सगळं संपलं."

मालकीणबाई पण स्पष्ट बोलणाऱ्या. वाईट बाई नाही ती, उगाच कुणाला नावं ठेवणार नाही मी. त्या म्हणाल्या, "पाय जुळला तर ती इथंच म्हातारी होऊ दे. तिच्यावर कुणी नाही बसलं तरी चालेल मला. पण पुन्हा फाटला, तर तिला तसं तीन पायांवर कुढत ठेवायचं नाही. त्या वेळी तुम्ही मला अडवायचं नाही, भावजी." भावजींनी मान हलवली. घरी आल्यावर आक्काला म्हणाले, "आता मी बघतो. तिच्या पायाला मी काही होऊ देत नाही." त्या दिवसापासून माणसाचा जीव त्या एका पायात अडकला.

काय केलं नाही त्यांनी! सकाळी नळाचं गार पाणी पायावर सोडत बसायचे. मग पुसून, कोरडं करून, कापसाची जाड पट्टी, तिच्यावर दुसरी पट्टी, कुठं सुरकुती नाही, कुठं ताण कमी-जास्त नाही. एका पायाला नाही, दोन्ही. दुखऱ्या पायाचा भार चांगला पाय घेतो ना, म्हणून त्यालाही आधार. दाणा कमी केला, कारण बसून खाल्लं की घोडं माजतं. मग उपाशी वाटू नये म्हणून गवत जाळीत भरून टांगायचं, म्हणजे एकेक काडी ओढून खाण्यात तिचा वेळ जायचा. मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, खुराचा पुढचा भाग आखूड ठेवा, पाऊल उचलताना मागच्या बंधाला ताण नको. मी तासायला बसलो की भावजी डोक्यावर उभे. "अरे, हळू. अरे, जास्त नको." मी म्हटलं, "भावजी, तुमचं लग्न व्हायच्या आधीपासून मी ही कानस धरतोय." तर म्हणतात, "ते खरं रे, पण हळू."

मग चालवणं सुरू झालं. डॉक्टरीणबाई सांगतील तेवढंच, घट्ट सपाट रस्त्यावर, सरळ रेषेत. वळायचं तर लांबून, मोठ्या फेऱ्यानं. पागेच्या दारापासून मागच्या फाटकापर्यंत डांबरी रस्ता जातो, तिथंच. भावजी एका हातात लगाम आणि तोंडात अखंड बडबड, अशी ती दोघं रोज जायची-यायची. आठवड्या-आठवड्यानं थोडं वाढवायचं. पाहुणी ठाणात कोंडून कोंडून चिडलेली, कधी दात दाखवायची, कधी उभ्या उभ्या नाचायची. भावजी म्हणायचे, "सावकाश, बाई. माझी पण कंबर दुखते. मी नाचतो का?" की ती शांत.

आणि त्यांनी पागेत फर्मान काढलं. सुट्टी म्हणायचं नाही. कुणीही नाही. पागेच्या आवारात तो शब्दच काढायचा नाही. ज्याला घरी राहायचंय त्यानं रजा म्हणावं, नाहीतर उद्या येत नाही म्हणावं. शिकायला येणाऱ्या पोरांना दारातच ताकीद. एका आईनं सहज विचारलं, शाळेला सुट्टी लागली की रोज आणू का हिला? भावजी तिच्यावर असे धावून गेले की बाई दोन पावलं मागं सरकली. मग भावजींनीच तिची माफी मागितली. माझंच सांगतो. मी दूधवाल्याला विचारलं, सुट्टे आहेत का? झालं! भावजी लांबून ओरडले, "मोड म्हण! मोड म्हणता येत नाही का तुला?" मी म्हटलं, "अहो, घोडीला सुट्टे आणि सुट्टीतला फरक कळतो, तुम्हालाच कळेना!" सगळी पागा हसली. भावजी नाही हसले. म्हणाले, "तिला कळतं म्हणूनच सांगतोय."

मालकीणबाईंनीसुद्धा पाळलं हो ते. फळ्यावर लिहितानासुद्धा त्यांनी रजा लिहिलं. पाहुणी काय वाचणार होती? पण भावजींचा चेहरा बघून कुणाची शब्द काढायची छाती होत नव्हती.

त्यातच लेकीला, म्हणजे माझ्या भाचीला, दिवस गेले होते. ती लांब, दुसऱ्या गावी, नवऱ्याच्या नोकरीपायी. आक्काचं म्हणणं, दोघं जाऊन राहू या तिच्याकडे. भावजी म्हणायचे, जाऊ, पाहुणीचा पाय तेवढा होऊ दे. आक्का एक दिवस फाडकन म्हणाली, "पोटची पोर तिकडं अवघडलीय आणि तुम्ही घोडीच्या पायाला पट्ट्या बांधा." भावजी म्हणाले, "पोरीला बघायला तिचा नवरा आहे, सासू आहे, तू आहेस. हिला कोण आहे?" आक्का पुटपुटत आत गेली. पण डबा भरताना घोडीसाठी गाजर घालायची विसरली नाही. रोज फोनवर भावजी लेकीला सांगायचे, "बाळ येऊ दे फक्त. आलं की त्याचं असं डोकं खाईन ना मी, की आपणहून बोलायला शिकेल, मला गप्प करायला!"

शेवटी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सोनोग्राफी केली. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्या हसल्या. "भावजी, सुंदर जुळतंय. इतकं सरळ मी क्वचित बघितलंय. अजून चालणंच ठेवा, पण पुढच्या वेळी थोडी दुडकी चाल सुरू करू." भावजींनी काय करावं? रडायलाच लागले. पाहुणीच्या मानेत तोंड खुपसून हा माणूस हुंदके देतोय, आणि त्या रडण्यातसुद्धा बोलतोय, "ऐकलंस का गं, सुंदर म्हणाल्या, सुंदर." मी तोंड फिरवून माझ्या नालांची पेटी आवरत बसलो. माझ्या डोळ्यात काही गेलं नव्हतं, मीही रडत होतो, लपवायचं काय त्यात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झालं. मी सावलीत एका तट्टाचा पाय घेऊन बसलेलो, माझ्यासमोर घडलं सगळं. मला ते आजही बोटानं दाखवता येईल, कोण कुठं उभं होतं ते.

भावजी पाहुणीला घेऊन डांबरी रस्त्यावर होते, फाटकाच्या अलीकडे. दुसरे घोडे नुकतेच रानात सोडलेले, फाटक अजून उघडं होतं. आणि आक्का आली. गुडघा दुखणारी माझी बहीण अक्षरशः पळत आली, हातात फोन, चष्मा नाकावरून घसरलेला. लांबूनच ओरडली, "अहो! अहो, आजोबा झालात! मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत!"

भावजी जागच्या जागी थबकले. चेहरा असा फुलला की काय सांगू. आक्का जवळ येऊन रडत-हसत म्हणते, "आता तरी येणार ना? आता तरी ही पागा सोडाल का चार दिवस?"

आणि भावजी आनंदानं मोठ्यांदा ओरडले, "आता काय, आता सुट्टी!"

म्हणाले, आणि त्यांचा उजवा हात वर गेला आणि पाहुणीच्या मानेवर थाप पडली. आणि डावा हात उघडला. मी बघितला उघडताना. कुणी हिसकला नाही लगाम. घोडी बुजली नाही, बिथरली नाही. इतकी वर्षं तो शब्द, ती थाप आणि ते सोडणं एकत्रच होत आलेलं, तोंडातून शब्द गेला आणि हातांनी त्यांचं काम केलं. हात उघडलेला त्यांना कळलासुद्धा नसेल.

मी ओरडलो. काय ओरडलो देव जाणे. पाहुणी फाटकातून गेलेली होती. अहाहा, काय धावली हो ती! इतके महिने साठवलेलं सगळं त्या धावण्यात होतं. चारही पाय हवेत, शेपूट वर. भावजींच्या तोंडचं हसू अजून मावळलं नव्हतं, इतक्या लवकर झालं सगळं. मग ते ओरडले, "थांब! थांब गं!" आणि तिनं ऐकलं ना! तिथंच घात झाला. रानाच्या पार टोकाला, भरधाव वेगात होती, आवाज ऐकला आणि पाय रोवून गर्रकन वळली त्यांच्याकडे. डाव्या पायाचा घोटा खाली गेला तो जमिनीलाच टेकला.

आम्ही पोचलो तेव्हा ती तीन पायांवर थरथरत उभी होती. चौथा पाय तिचा राहिलाच नव्हता. आवाज नाही, काही नाही, नुसता घाम आणि मोठे मोठे डोळे. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी आधी दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, मग पाय चाचपला. त्यांना यंत्र आणायची गरजच पडली नाही. त्यांनी मालकीणबाईंकडे बघितलं, मालकीणबाईंनी भावजींकडे. अडवायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं. भावजींनी मान हलवली.

शेवटचं इंजेक्शन देताना घोड्याच्या तोंडाशी ओळखीचा माणूस लागतो. भावजी तिचं तोंड धरून उभे राहिले. कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर हात ठेवला. पाहुणीचे दोन्ही कान त्यांच्याकडे. ती वाट बघत होती. आयुष्यात कधी असं झालं नव्हतं की हा माणूस तिच्यासमोर उभा आहे आणि बोलत नाही. ती नाकानं त्यांच्या छातीला ढोसत होती, बोल की, बोल की. भावजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. आवाज नाही.

"भावजी," मी म्हटलं, "बोला तिच्याशी. अहो, ती ऐकायला उभी आहे." त्यांनी नुसतीच मान हलवली, नाही म्हणून. मला इतका राग आला, इतकं रडू आलं! मग मीच बोलायला लागलो. ज्यानं त्या घोडीला शिव्यांशिवाय काही दिलं नाही तो मी. "बये, खडूस बये, घाबरू नकोस, सगळे आहोत इथं," असलं काहीतरी. तिनं एक कान माझ्याकडे फिरवला. लगेच परत त्यांच्याकडे नेला. ती खाली जाईपर्यंत तिचे कान भावजींकडेच होते.

नंतर मी त्यांना धरून ठाणाशी आणलं. आक्का एका बादलीवर बसून रडत होती, मी कशाला आले, मी कशाला आले, एवढंच म्हणत होती. मी भावजींना म्हटलं, "अहो, जनावर ते. कधी ना कधी उधळलीच असती. तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका."

भावजी म्हणाले, "उधळली नाही रे. तिनं ऐकलं माझं. सुट्टी म्हटलं, ऐकलं. थांब म्हटलं, तेही ऐकलं."

त्या दिवसातलं त्यांचं हे शेवटचं बोलणं. त्या दिवसातलं कशाला, तुम्हाला सांगतो, जवळजवळ शेवटचंच.

कामावर ते आले. मालकीणबाईंनी रजा घ्या म्हटलं, तर घेतली नाही. दाणा-पाणी, खरारा, लीद, सगळं पहिल्यासारखं, पण तोंड बंद. घोड्याला मागं सरकवायचं तर हातानं सरकवतात. शिकणाऱ्या माणसाला बोटानं दाखवतात, पाय इथं, हात इथं. पागा अशी शांत झाली की मला माझ्याच हातोडीचा आवाज नकोसा होतो. मी मुद्दाम भांडण उकरून काढून बघितलं. एकदा तर त्यांच्यासमोर खोगीर उलटं ठेवलं, म्हटलं, आता तरी शिव्या देतील. त्यांनी ते गुपचूप सरळ केलं आणि निघून गेले. घरी आक्का सांगते, चहा हवा तर कप पुढं करतात. ती बिचारी दोघांचं एकटीच बोलते. स्वतःच विचारते, स्वतःच उत्तर देते, आणि मग पदर तोंडाला लावते.

लेकीकडे ते गेलेच नाहीत. आक्का एकटी जाऊन आली. फोन लागला की ते हातात धरून ऐकतात, हं म्हणतात, परत देतात. शेवटी भाचीच आली बाळाला घेऊन. बाळ तोवर चांगलं टकमक बघायला लागलेलं. गुटगुटीत, डोक्यावर जावळ, आणि आवाज आला की तिकडं मान वळवणार. मी शिंकलो तरी माझ्याकडे बघायची. आक्काच्या पाठच्या खोलीत भावजी खिडकीशी खुर्चीवर बसलेले. भाचीनं काही न विचारता बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

काय धरलं त्यांनी तिला! डोक्याखाली एक हात, पाठीखाली एक हात, बोटांचा जरासुद्धा दाब नाही. मला वाटलं, आता फुटेल बांध. ते तिच्याकडे बघत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, ओठ हलत होते. बाळ त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. नुसतं बघत होतं, हात-पाय हलवायचं थांबवून.

"बाबा," भाची म्हणाली, "बोला ना तिच्याशी. तिचं डोकं खाणार होतात ना तुम्ही? मी रोज सांगितलंय तिला, माझे बाबा खूप बोलतात म्हणून. एक शब्द बोला, बाबा. काहीही बोला."

आक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी भावजींच्या खांद्यावर हात ठेवला.

भावजींनी बाळाकडे बघितलं आणि तोंड तिच्यापासून बाजूला वळवलं. मग अगदी हळू, तिच्या कानावर जाऊ नये अशा आवाजात, लेकीला म्हणाले, "नको गं. ऐकेल ती."